डाव्या पायाची फितुरी

१२ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. घरात माझ्यावर अन्याय झाला आहे आणि अन्यायाची नोंद लगेच झालेली बरी. खडकीच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. तिथे तोंडी बोलण्याला किंमत नव्हती.

घटना अशी. सकाळी उठलो तर शालन पलंगावर नाही. तिची उशी नाही. गोधडीही नाही. प्रज्ञेश लग्न होऊन वाकडला राहायला गेल्यापासून त्याची खोली रिकामी असते, तिथे बाईसाहेब सापडल्या. म्हणाली, आजपासून मी इथेच झोपणार, तुम्ही झोपेत लाथा मारता.

मी. लाथा.

छत्तीस वर्षांच्या संसारात जागेपणी बोट लावलं नाही आणि झोपेत लाथा मारतो म्हणे. मी तिला शांतपणे पंचशीलातल्या चौथ्या शीलाची आठवण करून दिली. खोटं बोलू नये. तर तिने नडगी दाखवली. निळा डाग होता. तो स्वयंपाकघरातल्या स्टुलाचा असणार. ते स्टूल मी दोनदा रिजेक्ट केलेलं आहे, तरी ते घरात आहे.

माझी झोप गाढ आणि सरळ. पडलो की पडलो, उठतो तो सकाळी साडेपाचला. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण मी स्वतः तिथे हजर असतो.

संकल्प: आठ दिवसांत निर्दोष सुटणे. शालन उशी घेऊन परत येईल. माफी मागेल. मी ती मोठ्या मनाने देईन.

१३ जानेवारी, सोमवार, सकाळ

पलंग फार रुंद वाटला. सुताराने तेव्हाच माप चुकवलं असणार.

झोपण्यापूर्वी शालनला सोसायटीच्या घडामोडी सांगायची माझी पद्धत आहे. मी सेक्रेटरी असल्याने घडामोडी भरपूर असतात. कोणाची गाडी कोणाच्या पार्किंगमध्ये, टाकी कधी धुतली, ओल्या कचऱ्यात प्लास्टिक कोणी टाकलं. ती डोळे मिटून एकाग्रतेने ऐकते. मध्ये एक प्रश्न विचारत नाही. असा श्रोता आजकाल मिळत नाही. काल तिला पलीकडच्या खोलीत ऐकू जावं म्हणून पलंगावरून मोठ्याने सांगितलं. तिने दार लावून घेतलं. थंडी आहे.

माझ्या पायाकडची चादर पूर्ण बाहेर आली होती. चादर आखूड आहे.

१५ जानेवारी, बुधवार

युक्ती सुचली. प्रज्ञेश शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचला होता, तेव्हाची घुंगरं माळ्यावर आहेत. ती दोन्ही पायांना बांधून झोपायचं. पाय हलला तर आवाज होणार. आवाज झाला तर मी जागा होणार. जागा झालो तर मान्य करणार. नाही झालो तर पाय निर्दोष. यात पळवाट नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

रात्रभर एकदाही आवाज झाला नाही. साक्षीदार मी.

डाव्या पायातली घुंगरं सुटून टाचेखाली आली होती. दोरी जुनी आहे. शालनला विचारलं, रात्री काही ऐकू आलं का. तिचे डोळे लाल होते. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि काही न बोलता चहा टाकायला गेली. उत्तर न देणं म्हणजे मान्य करणंच. पण एक नमुना पाहून सगळा लॉट पास करत नाहीत. आठवडाभर बांधणार.

१८ जानेवारी, शनिवार

सोसायटीच्या कामात गेला दिवस. तिसऱ्या मजल्यावरचे, म्हणजे बरोबर आमच्या खालचे रावसाहेब सकाळीच वर आले. रोज रात्री वरून घुंगरांचा आवाज येतो अशी तक्रार. म्हणाले, सेक्रेटरी, ही धायरीतली सोसायटी आहे की तमाशाचा फड, एकदा ठरवून टाका.

मी चौकशीचं आश्वासन दिलं. आता, वरून म्हणजे कुठून? रावसाहेबांच्या वर आम्ही. आमच्या वर पाचव्या मजल्यावर अपूर्वा. एकटी राहते, आयटीत आहे आणि शनिवारी कथकच्या क्लासला जाते. हिशोब सरळ आहे. घुंगरं माझ्याही खोलीत आहेत हे खरं, पण ती वाजत नाहीत हे सिद्ध झालेलं आहे.

लगेच नोटीस काढली. काही सभासद रात्री-अपरात्री नृत्याचा सराव करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. कला ही कला असली तरी झोप ही झोप आहे. शालनला वाचून दाखवली. ती तोंडाला पदर लावून आत गेली. माझी भाषा तिला कधीकधी भिडते.

२० जानेवारी, सोमवार

अपूर्वा नोटीस हातात घेऊन आली. म्हणाली, काका, सीरियसली? मी पूर्ण वीक बेंगलोरला होते, काल रात्री आले. फोनवर विमानाचं तिकीट दाखवलं. मी म्हणालो, रेकॉर्डवर घेतो. ती म्हणाली, घ्याच.

शालनने तिला पोहे दिले. संशयिताला पोहे देऊ नयेत. दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ काहीतरी बोलत होत्या आणि हसत होत्या.

२२ जानेवारी, बुधवार

रावसाहेबांनी रात्री जागून आवाज रेकॉर्ड केला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मी पुन्हा पुन्हा ऐकला. छन. मग शांतता. मग छन. मधलं अंतर दरवेळी जवळपास सारखं.

ग्रुपवर तज्ज्ञ म्हणून मत दिलं. हे माणसाचं काम नाही. माणूस इतका नियमित नसतो. हे यंत्र आहे. टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये हवा अडकत असावी. प्लंबर बोलावून व्हॉल्व्ह बदलून घेतला. पुष्कळ अंगठे आले. शालन ग्रुपवर कधी काही टाकत नाही, पण आज तिनेही हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला तो पिवळा चेहरा टाकला. चुकून बोट लागलं असेल.

२५ जानेवारी, शनिवार

व्हॉल्व्ह बदलून फरक नाही. उद्या झेंडावंदनानंतर पार्किंगमध्ये विशेष सभा ठेवली आहे. भाषण तयार. विषय शिस्त. छडा लावूनच उठणार.

२६ जानेवारी, रविवार

लिहायला हात होत नाही.

झेंडावंदन व्यवस्थित झालं. मग सभा. भाषण रंगात आलं होतं. प्रत्येकाने आधी आपापल्या घरात डोकावून पाहावं, या वाक्याला शालन उठली. पुढे आली. पिशवीतून घुंगरं काढून टेबलावर जिलेबीच्या बॉक्सशेजारी ठेवली. म्हणाली, आवाज आमच्या घरातून येतो. यांच्या पायाला बांधलेली असतात. पाय रात्रभर हलतो आणि यांना ऐकू येत नाही, कारण हे झोपलेले असतात.

 आधी अपूर्वाला हसू फुटलं. मग सगळेच. रावसाहेब म्हणाले, सेक्रेटरी, नोटीस छान होती, आता स्वतःची पोच द्या.

मी विषय तहकूब केला आणि जिलेबी न घेता वर आलो.

सगळ्या सोसायटीसमोर. स्वतःच्या बायकोने. बाहेरच्याने केलं असतं तर मी उत्तर दिलं असतं, पण घरच्या माणसाने असा दगा दिला की कुठे दाद मागायची? वर आल्यावर विचारलं, हे घरात सांगता येत नव्हतं का? म्हणाली, दोन आठवडे घरातच सांगतेय की. अपूर्वा बिचारी कशाला बदनाम व्हायला हवी?

तिचा अपूर्वाबद्दलचा मुद्दा बरोबर आहे. माझी नोटीस मागे घेतली. पण शांतपणे पाहिलं तर सिद्ध काय झालं? घुंगरं वाजली, एवढंच. पायच हलला हे कुठे सिद्ध झालं? खिडकी उघडी असते. वारा असू शकतो.

१ फेब्रुवारी, शनिवार

प्रज्ञेश आणि सूनबाई पूर्वा आले. प्रज्ञेश म्हणाला, पप्पा, कंपनीच्या पॉलिसीत पॅरेंट्सचं चेकअप बसतं, आज करून टाकू. मुलगा असावा तर असा. बाप आठवतो तरी त्याला. पूर्वाने माझ्या पिशवीत डबा आणि झोपायचा लेंगा भरला. चेकअपला लेंगा कशाला हे विचारायला हवं होतं. निघतो आता.

२ फेब्रुवारी, रविवार

पोटच्या पोराने फसवलं.

सिंहगड रोडवरच्या एका स्लीप क्लिनिकमध्ये नेलं. तिथे माणसाला झोपवून तपासतात. अपॉइंटमेंट आईने घेतली होती, हे प्रज्ञेशने लिफ्टमध्ये सांगितलं. पाठीमागे कट शिजत होता आणि मी त्याच्या बायकोसाठी गाडीत पुढची सीट सोडून मागे बसलो होतो.

शर्मिला मॅडम म्हणून तिथल्या टेक्नॉलॉजिस्ट. त्यांनी डोक्याला वायरी चिकटवल्या, छातीला पट्टा, नाकाखाली नळी, आणि दोन्ही नडग्यांवर चकत्या. कोपऱ्यात कॅमेरा. मग पलीकडच्या खोलीतून स्पीकरवर म्हणाल्या, काका, डावा पंजा वर करा. आता उजवा. छान. मी कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं की माझ्यावरचा आरोप खोटा आहे. म्हणाल्या, बरं, झोपा आता.

मीही कच्चा नाही. पाय ताणून घट्ट धरायचे असं ठरवूनच झोपलो. सकाळी उठलो तर पाय होते तिथेच. झोप उत्तम. मॅडमना विचारलं, कसं काय झालं? म्हणाल्या, स्कोअरिंग व्हायचंय, शनिवारी या. हसून म्हणाल्या. नापास माणसाशी कोणी हसून बोलत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

तासाला अठ्ठेचाळीस.

झोपेत पाय ठरावीक अंतराने हलतो. याला आजार म्हणून नाव आहे, औषध आहे. तासाला पंधराच्या वर गेलं की डॉक्टर मनावर घेतात. मी रिपोर्ट जागेवर नाकारला आणि शर्मिला मॅडमना म्हणालो, आधी मोजायची पद्धत समजावून सांगा. चौतीस वर्षं हेच केलं आहे.

त्यांनी सांगितली. पाय नुसता थरथरला, अर्ध्या सेकंदाच्या आत थांबला, तर धरत नाहीत. दहा सेकंदांच्या वर चालला तरी धरत नाहीत. एकटी-दुकटी हालचाल धरत नाहीत, ओळीने किमान चार लागतात. दोन हालचालींमध्ये अंतर फार कमी नको, दीड मिनिटाच्या वर नको. श्वास अडकला म्हणून पाय झटकला गेला असेल तर तोही वगळतात. आणि जागेपणी हलवलेला पाय या आकड्यात मोजतच नाहीत. फक्त झोपेतला.

पद्धत चोख आहे. आरोपीला इतक्या सवलती आमच्या खात्यातही नव्हत्या. सगळं वगळून अठ्ठेचाळीस.

शेवटचा मुद्दा मांडला. वायरी शेजारच्या पेशंटच्या असतील. मॅडमनी स्क्रीनवर व्हिडिओ लावला.

डाव्या पायाचा अंगठा वर झाला. मग घोटा वाकला. मग गुडघा. मग खाली. थोडा वेळ काही नाही. पुन्हा अंगठा, घोटा, गुडघा. एकदाही क्रम चुकला नाही. उजवा मधूनमधून सामील. इतका एकसारखा माल मी आयुष्यात पाहिला नव्हता. दुसऱ्याचा पाय असता तर डोळे मिटून पास केला असता. मग मॅडमनी चित्र वर सरकवलं आणि चेहरा दिसला. तोंड उघडं, शांत, अगदी निरागस. माझाच. खाली काय चाललं आहे याचा त्याला पत्ता नव्हता.

हा डावा पाय. याला मी बासष्ट वर्षं सांभाळलं. याच्यावर भार टाकून सायकलवर टांग मारली, सहा महिने हा प्लास्टरमध्ये होता तेव्हा याला उशी देऊन मी स्वतः बिनउशीचा झोपलो. आणि हा माझा डोळा लागला की माझ्याच बायकोला मारतो. बायकोचं समजू शकतो, मुलाचं समजू शकतो, ती वेगळी माणसं आहेत. स्वतःचा पाय फितूर झाल्यावर माणसाने उभं कशावर राहायचं?

सोबत आलेली शालन स्क्रीनकडे बघत नव्हती. मी म्हणालो, बघ तरी. म्हणाली, मी रोज लाइव्ह बघायचे.

१० फेब्रुवारी, सोमवार

रक्ताचा रिपोर्ट आला. अंगात लोह कमी आहे, पाय त्यानेच हलत असावेत असं डॉक्टर म्हणाले. चौतीस वर्षं लोखंडात उभा राहिलो आणि अंगात लोह नाही. गोळ्या दिल्या, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या. संध्याकाळनंतर चहा बंद. तीन महिने धीर धरा म्हणाले.

विचार केला तर हे उत्तमच झालं. दोष माझा नाही, पायाचाही नाही. कच्च्या मालाचा आहे. माल सुधारला की गिऱ्हाईक परत येतं. शालनचा तिकडे मुक्काम आता मोजक्या दिवसांचा.

संकल्प: गोळी रोज. चहा नाही. पायांचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चहा घेतला. संध्याकाळनंतर म्हणजे नक्की किती वाजल्यापासून, हे डॉक्टरांनी स्पष्ट केलेलं नाही.

२ मार्च, रविवार

विहारात वंदनेनंतर अर्धा तास ध्यानाला बसलो. पाय जराही हलला नाही. प्रगती आहे. उठताना पायाला मुंग्या आल्यामुळे पडलो, ते वेगळं.

चहा खरंच सोडला. शालन कपात दूध आणून देते. पलीकडच्या खोलीत नवीन पडदे लावलेत तिने. काही दिवसांसाठी कशाला लावायचे, म्हणालो. म्हणाली, असू देत.

१५ मार्च, शनिवार

पद्धतीतली चूक सापडली. ज्याने माल बनवला त्याने तो तपासायचा नाही, हा आमच्या खात्याचा पहिला नियम. मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. जानेवारीत तो कसा निसटला कळत नाही. आता घुंगरं माझ्या पायाला आणि कान शालनचे.

दार उघडं ठेवून झोपायला ती तयार झाली. अट एकच. झोपण्यापूर्वी बोलायचं नाही, नाहीतर घुंगरं नीट ऐकू येणार नाहीत म्हणाली. तपासणीच्या दृष्टीने रास्त आहे. रावसाहेबांना खाली जाऊन आगाऊ कल्पना दिली. म्हणाले, नोटीस काढताय का? त्यांच्याकडे दुर्लक्ष करून वर आलो.

३० मार्च, रविवार

शालनचा तोंडी अहवाल: पुष्कळ कमी. आधी रात्रभर चालायचं, आता मधूनच. तिने हे सांगताना माझ्या पायावर हात ठेवला. चांगल्या कामाची पावती द्यावी तसा. दिवसभर बरं वाटलं.

२० एप्रिल, रविवार

पाय शांत. चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत सबंध वेळ चाललो, थकून घरी आलो, त्या रात्रीही आवाज नाही. डॉक्टरांनी पाठ थोपटली. रावसाहेबांनी ग्रुपवर लिहिलं, नृत्य बंद झाले आहे, कलाकाराचे आभार. अपूर्वाने टाळ्या पाठवल्या. वर येऊन, काका, काँग्रॅट्स, असंही म्हणून गेली. पोरगी मनाने चांगली आहे.

शालन अजून परत आली नाही. तिला वाटत असेल मी बोलवावं. बायकांना मान हवा असतो.

१० मे, शनिवार

पूर्ण तयारी. लांब चादर आणली, धुऊन घातली. तिच्या बाजूला छोटं टेबल, त्यावर पाण्याचा तांब्या. माझी उशी थोडी सरकवून तिला जागा केली. झोपण्यापूर्वी बोलणं बंद असल्याने सोसायटीच्या घडामोडी साठून राहिल्या आहेत. मुद्दे काढून ठेवले. लिफ्टच्या प्रकरणालाच दोन रात्री लागतील.

सोमवारी बुद्ध पौर्णिमा. चांगला दिवस आहे. त्या दिवशी सन्मानाने बोलावणार. माफी मागायची गरज नाही असंही सांगणार.

१२ मे, सोमवार

सकाळी दोघं विहारात जाऊन आलो. तिने पांढरी साडी नेसली होती. दुपारी खीर. खीर खाता खाता विषय काढला. पाय सुधारला आहे, रिपोर्ट तुझ्याच कानांचा आहे, आता आपल्या खोलीत यावं.

शालनने वाटी खाली ठेवली. म्हणाली, पाय बरा झाला याचा मला खरंच आनंद आहे. पण मी तिकडे येणार नाही.

मला वाटलं, अजून थोडे दिवस खात्री करून घ्यायची असेल. तसं म्हणालो. ती म्हणाली, अहो, लाथेचं काय एवढं. इतकी वर्षं खाल्ल्या, अंगवळणी पडल्या होत्या. पाय चालायचा तुमचा डोळा लागल्यावर. त्याच्याआधी तास-तास तोंड चालायचं त्याचं काय? पार्किंग, टाकी, ओला कचरा. रिटायर झाल्यापासून तर कहर. मी दिवसभर थकलेली असायचे हो.

मी म्हणालो, तू डोळे मिटून एकाग्रतेने ऐकायचीस. म्हणाली, मी झोपायचा प्रयत्न करायचे.

मी विचारलं, मग हे सरळ का नाही सांगितलंस? पायाचं नाव कशाला? म्हणाली, तोंडाचं नाव घेतलं असतं तर तुम्हाला लागलं असतं. वर त्यावर तासभर बोलला असता. पायावर ढकललं. पायाला वाईट वाटत नाही.

पुढे म्हणाली, माहेरी चार बहिणींत एक अंथरूण होतं. मग लग्न, मग तुम्ही, मध्ये प्रज्ञेश. एकटीने आडवं-तिडवं पसरून झोपायचं सुख मला साठीला कळलं. खिडकी उघडी टाकते, मोबाईलवर हळू गाणी लावते, कधी झोप लागते समजत नाही. तुमच्यावर राग नाही माझा. खीर घ्या अजून.

घेतली. गोड लागली नाही.

तीन महिने गोळ्या. चहा सोडला. ध्यानात पडलो. तीन महिने मी भलताच पार्ट दुरुस्त करत होतो आणि जिला माहीत होतं ती शेजारच्या खोलीत पडदे लावत होती. चौथं शील पुन्हा काढावं असं मनात आलं. पण ती खोटं काही बोललीच नव्हती. पाय हलतच होता.

वाईट वाटलं. हे कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. खूप वाईट वाटलं.

१३ मे, मंगळवार

रात्रभर विचार करून मार्ग काढला. दोष कळला की दुरुस्ती आलीच. पायाला जमलं ते तोंडाला का जमू नये?

संकल्प: आजपासून कमी बोलणे. झोपण्यापूर्वी अजिबात नाही.

हा संकल्प शालनला नीट समजावून सांगायला तिच्या खोलीत गेलो. कारणं, पद्धत, टप्पे, तपासणी कोण करणार, सगळं सविस्तर सांगितलं. सांगून झाल्यावर पाहिलं तर तिला बसल्या जागी झोप लागली होती. दिवा बंद करून आलो.

१५ मे, गुरुवार

काल पडल्यावर झोप येईना. पाय गप्प. पंख्याशिवाय घरात कसला आवाज नाही. पलंगाच्या मापात चूक नव्हती, तो दोघांचाच आहे.

उठलो. घुंगरं काढली. डाव्या पायाला बांधली आणि पडल्या पडल्या हलवला. छन. थोडं थांबलो. परत हलवला. शर्मिला मॅडमच्या नियमात बसेल असं अंतर ठेवून, ओळीने चार वेळा. मग आणखी चार. म्हटलं, पलीकडून ती ओरडेल. अहो, पुरे आता, असं काहीतरी म्हणेल. निदान दार लावायला तरी उठेल. तिकडे हळू गाणं चालू होतं. थोड्या वेळाने तेही थांबलं.

सकाळी ग्रुपवर रावसाहेब: पुन्हा सुरू. सेक्रेटरी म्हणून चौकशीचं आश्वासन दिलं आहे.

चहाऐवजी दूध देताना शालनला विचारलं, रात्री काही ऐकलंस का? म्हणाली, ऐकलं ना, मुद्दाम हलवत होता, मला फरक कळतो आता. मी विचारलं, मग? म्हणाली, मग काय, कूस बदलली आणि झोपले.

जागेपणी हलवलेला पाय मोजत नाहीत.